मी धुतलेले मोजे आणि न आलेले डास

सौ. विहीणबाई यांना,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (एक हात मधेच सोडून मान खाजवली, त्याचा राग मानू नका. इथे नमस्कारसुद्धा सलग करता येत नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना अजून कटकट वाजतो का? व्याह्यांचा खोकला गेला असेल अशी आशा करते. तुमच्या सूनबाईला, म्हणजे माझ्या लेकीला, सांगा की तिची आई जंगलात धडधाकट आहे, वजन गुंजभरही उतरलेलं नाही आणि कुठल्याही प्राण्याने अजून तिला तोंड लावलेलं नाही. डास सोडून. डासांना आमच्या इथे प्राण्यांत धरतात की माणसांत, ते मला अजून नीट कळलेलं नाही, कारण त्यांचे लाड माणसांपेक्षा जास्त होतात.

पत्र कशाला, फोन का नाही, असं तुम्ही म्हणाल. अहो, इथे फोन लागायला पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं, आणि वर उभं राहून बोललेलं सगळ्या कॅम्पला ऐकू जातं. गेल्या वेळी मी टाकीवरून तुम्हाला माझ्या पोटाची तक्रार सांगितली, तर संध्याकाळपर्यंत तीन जणांनी मला तीन औषधं आणून दिली. तिन्ही वेगवेगळ्या रंगांची. म्हणून आता सगळं कागदावर. माझं अक्षर तुम्हाला ठाऊकच आहे, चौथीच्या पुढे शाळेने मला आणि मी शाळेला पाहिलं नाही, तेव्हा जिथे लागणार नाही तिथे अंदाजाने वाचा. अंदाजाने वाचलं तरी गोष्ट तीच राहते.

तर मी इथे कशी आले ते तुम्हाला माहीतच आहे. आपल्या नातीला ताप आला, तिच्या आईला रजा नाही, तुमचा गुडघा हा असा, मग राहिलं कोण? मी. बोचकं बांधलं आणि निघाले. ताप चार दिवसांत गेला. मी गेले नाही. कारण मी खोली बघितली. विहीणबाई, तुमच्या नातीची खोली! बाज आहे, तिच्यावर मच्छरदाणी आहे, मच्छरदाणीच्या आत पोरगी आहे, आणि बाजेखाली, टेबलावर, खिडकीत, कपाटावर पेलेच पेले, आणि प्रत्येक पेल्यात डासांची पिल्लं वळवळतायत. पेल्यांना वर जाळी बांधलेली. म्हणजे झोपायचं माणसाने पिंजऱ्यात आणि डासांनीही पिंजऱ्यात, मग बाहेर उरलं कोण? मी म्हटलं, अगं, जगातली माणसं डास घालवायला धडपडतात आणि तू पाळतेस? तर हसून म्हणते, “आजी, पाळत नाही गं. मोठे झाल्याशिवाय ओळखू येत नाहीत.” हे मात्र मला पटलं. माझ्या थोरल्या दिराचंही तसंच झालं होतं.

तुम्ही मागे फोनवर म्हणाला होतात की डास मारायला इतकं शिकायची काय गरज, चप्पल पुरते. तेव्हा मी गप्प बसले, कारण मलाही तसंच वाटत होतं. पण आता मी इथे राहिलेय, तेव्हा तुम्हाला चार शब्द सांगायचा मला अधिकार आहे. ती डास मारत नाही. ती शिरगणती करते. ह्या पाऊसजंगलात (इथे पाऊस पडतो असं म्हणत नाहीत, पाऊस थांबला की तेवढं सांगतात) डासांच्या किती जाती आहेत, कोणती जात कुठे राहते, काय खाते, कोणत्या उंचीवर उडते, हे शोधायचं. आणि विहीणबाई, आपण उगाच सगळ्यांना एका माळेत ओवतो. एक जात झाडाच्या ढोलीतल्या पाण्यात राहते, दुसरी फक्त बांबूच्या तुटक्या पेरात, तिसरी पानांच्या बेचक्यात साठलेल्या घोटभर पाण्यात. एक आहे ती माणसाकडे ढुंकून बघत नाही, फक्त बेडकाचं रक्त पिते. (प्रत्येकाची आवड.) एका जातीची पिल्लं दुसऱ्यांच्या पिल्लांना खातात, आणि मोठी झाली की जन्मात कुणाला चावत नाहीत, फुलांवर जाऊन बसतात, अगदी सज्जन. एकीच्या पायांना निळी झुलपं आहेत, उन्हात अशी चमकतात की मी भिंगातून बघितलं आणि म्हटलं, हिला चावायचा हक्क आहे बाई. आणि नर डास चावतच नाहीत! फुलांचा रस प्यायचा आणि संध्याकाळी घोळका करून गुणगुणत राहायचं, एवढंच काम. चावण्यापासून अंडी घालण्यापर्यंतची सगळी धावपळ बायकांकडे. मला हे कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं.

आता महत्त्वाचं. झाडाच्या शेंड्याकडे राहणारे डास खाली उतरत नाहीत आणि खालचे वर जात नाहीत, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंसारखं. म्हणून ह्यांनी तीन उंचीवर सापळे टांगलेत, जमिनीलगत, मधे आणि पार शेंड्यात. शेंड्यातल्या सापळ्यापर्यंत एक चष्मेवाला दोरीवरून चढतो, तुमच्या नातीबरोबरच काम करतो, चांगला आहे, पण दोरीवर असताना गाणी म्हणतो आणि खाली आला की जेवताना तोंड उघडत नाही. सापळा म्हणजे जाळीची पिशवी आणि तोंडाशी छोटा पंखा, डास जवळ आला की आत ओढला जातो. आणि मी यायच्या थोडं आधी शेंड्यातल्या पिशवीत एक डास सापडला, तो पुस्तकांत नाही! कुठल्याच नाही. पाठीवर सोनेरी टिकली आणि पाय पांढरे. सगळी पुस्तकं चाळून झाली. आपली पोरगी आनंदाने नाचली म्हणे, आणि मग रडली, कारण त्याचा एक पंख तुटलेला होता आणि तो एकटाच होता. एका मोडक्या डासावरून नवी जात आहे असं कुणी मानत नाही. आणखी हवेत, धड हवेत. हे जर सापडले तर तुमच्या आणि माझ्या नातीने एक नवी जात जगाला दिली असं होईल. नाही सापडले तर तो बिचारा एका पेटीत ‘अनोळखी’ म्हणून पडून राहणार. एवढी ही गोष्ट मोठी आहे, आणि ह्या मोठ्या गोष्टीत मी नेमकं काय केलं ते आता ऐका, आणि मधे बोलू नका.

मी आले त्याच आठवड्यात मला स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये एक डबा सापडला. दुधाच्या शेजारी. विहीणबाई, दुधाच्या शेजारी! वर काहीतरी चिकटवून लिहिलं होतं, पण ते त्यांच्या भाषेत. मला वाटलं, राहिलेली भाजी असेल, गरम करून टाकावी. झाकण काढलं आणि मी दोन पावलं मागे आले. आत मोजे. पुरुषाचे, घातलेले, काढलेले आणि गुंडाळून ठेवलेले. डोळ्यांत पाणी आलं, ते भावनेने नव्हे. आता तुम्हीच सांगा, तुमच्या फ्रीजमध्ये दुधाजवळ कुणाचे मोजे निघाले तर तुम्ही काय कराल? विचारत बसाल? घाण धुवायला कुणी परवानगी मागतं का? मी सगळे मोजे काढले, उकळत्या पाण्यात घातले, साबण लावून दगडावर असे आपटले की समोरच्या झाडावरचा पक्षी उडाला, आणि ऊन पडलं तेवढ्या अर्ध्या तासात वाळवून, घडी घालून, पुन्हा त्याच डब्यात ठेवले. डबासुद्धा घासला. वर लिहिलेलं निघून गेलं, पण डबा लख्ख झाला.

एवढ्यावर थांबले असते तर मी मी कसली? मोजे कुणाचे ते शोधायला वेळ लागला नाही. कॅम्पच्या जीपचा ड्रायव्हर जेवायला आला, बूट काढले, आणि डब्यातला वास चालत टेबलाशी आला. माणूस मात्र सोन्यासारखा. मान खाली घालून सगळ्यांपासून लांब, दाराजवळ बसायचा. मी विचारलं तर म्हणाला, “आजी, काय करू, लहानपणापासून आहे. घरी बायको दुसऱ्या खोलीतून बोलते.” मी म्हटलं, बाबा, ही काय मोठी गोष्ट आहे! रोज संध्याकाळी कोमट पाणी, मीठ, अर्धं लिंबू चोळून, पाय कोरडे करून बोटांत तुरटीची पूड, आणि बूट उलटे करून चुलीजवळ. रोज मी स्वतः समोर बसून करून घेतलं. पोरगं लाजायचं, पण करायचं. आणि विहीणबाई, गुण आला! पायांना वास म्हणून उरला नाही. तो सुट्टीला घरी जाऊन आला तर त्याच्या बायकोने माझ्यासाठी स्वतः विणलेली शाल पाठवली. मी ती शाल पांघरून कॅम्पभर फिरले. डॉक्टर असल्यासारखं वाटत होतं.

इकडे तोवर वेगळंच चाललं होतं. सापळे रिकामे येऊ लागले. पहिल्या दिवशी म्हणाले, वारा असेल. मग म्हणाले, चांदणं जास्त आहे. मग पंखे उघडले, बॅटऱ्या बदलल्या, जाळ्या बदलल्या. चष्मेवाला म्हणाला, दोर जुना झाला म्हणून सापळा तिरका लटकतो. आपली नात म्हणाली, तू गाणी म्हणतोस म्हणून डास पळतात. दोघांचं दोन दिवस बोलणं बंद. मी मधे पडून दोघांना समजावत होते की अरे, डास कमी झाले तर चांगलंच आहे ना, देवाचे आभार माना. माझ्याकडे दोघांनी असं बघितलं की मी शाल सारखी केली आणि भाजी चिरायला गेले.

आणि मग एका दुपारी सगळे जेवत असताना आपली पोरगी घास हातात धरून थांबली. इकडे हुंगलं, तिकडे हुंगलं. म्हणाली, “इथे वास का येत नाहीये?”

मग ड्रायव्हर उठला, अभिमानाने बूट काढला, मोजा काढला आणि पाय खुर्चीवर ठेवला. “आजींनी बरे केले!”

विहीणबाई, मला कौतुकाची अपेक्षा होती. माझ्या नातीने कपाळाला हात लावला तो खाली घेईना. चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. मग मला कळलं. डास माणसाच्या पायाच्या वासाला येतात. काहीजणांच्या पायाला कुणीच येत नाही आणि काहीजणांच्या पायाला सगळं जंगल येतं. तो ड्रायव्हर दुसऱ्यातला. वर्षभर त्याचे वापरलेले मोजे तिन्ही सापळ्यांत लावत होते. एकाच माणसाचे लावायचे, म्हणजे डास उंची बघून आला की माणूस बघून, हा घोळ होत नाही. वास टिकावा म्हणून फ्रीजमध्ये. तो सोनेरी टिकलीचा डास आला होता तोही त्याच्याच मोज्याला. आणि मी मोजे धुतले आणि वर मोज्यांचा उगमही बंद केला.

आता मला सांगा, चूक कुणाची? मला कुणी सांगितलं होतं? एवढी शिकलेली माणसं, डासाच्या मिशा मोजतात, पण म्हाताऱ्या बाईला ‘आजी, फ्रीजमधल्या मोज्यांना हात लावू नका’ हे एक वाक्य सांगायला कुणाला सुचलं नाही! मी हेच बोलले. मोठ्याने बोलले. नात म्हणाली, “आजी, फ्रीजमधले मोजे कुणी धुवेल असं आम्हाला वाटलंच नाही.” मी म्हटलं, फ्रीजमध्ये कुणी मोजे ठेवेल असं मला तरी कुठे वाटलं होतं?

मग धावपळ. ड्रायव्हरला म्हणाले, बाबा, पूर्वीसारखा हो. त्याने पाय मागे घेतले. एरवी जी म्हटलं की पुढे शब्द नाही असा माणूस, पण सरळ म्हणाला, “नोकरी काढून घ्या ताई, पण पाय देणार नाही. बायको आता शेजारी बसते.” मला तर आतून आनंदच झाला, पण तोंड पाडून बसले. मग प्रत्येकाचे मोजे लावून बघितले. चष्मेवाल्याच्या मोज्याला दोन-तीन आले, साधे, गटारातले. स्वयंपाक्याच्या मोज्याला मुंग्या आल्या. आपल्या पोरीच्या मोज्याला काही नाही, कारण तिला दिवसातून दोनदा पाय धुवायची सवय आहे. (ती माझ्याकडून गेलेली.) शेवटी मी म्हटलं, माझे लावा. चार दिवस गमबुटात मोजे घालून वावरले, अंघोळीलासुद्धा पाय बादलीबाहेर ठेवले, ह्या वयात. तिन्ही उंचीवर टांगले. एकही नाही! एक कोळी येऊन बसला होता, तोही बहुधा दमला म्हणून. खरं सांगते, मला फार लागलं. सगळा जन्म डासांनी मला फोडून खाल्लं, आणि जेव्हा खरी गरज होती तेव्हा तोंड फिरवलं.

त्यातच मोठ्या मॅडम आल्या. ह्या सगळ्या कामाच्या प्रमुख. मी घाबरून शाल काढून ठेवली. वाटलं, आता मला बोचक्यासकट जीपमध्ये बसवतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, ड्रायव्हरचे पाय स्वतः वाकून बघितले, आणि मला बाजूला घेऊन तुरटी किती घालायची ते विचारलं. (त्यांच्या यजमानांना हवंय.) पण कामाचं बोलताना चेहरा बदलला. पाऊस सरेपर्यंत सापळे राहू देईन म्हणाल्या. तेवढ्यात तो सोनेरी टिकलीचा डास पुन्हा आला तर ठीक, नाहीतर सापळे उतरवायचे, आणि आपल्या नातीने शहरातल्या कचेरीत परत यायचं, जुन्या पेट्यांतले डास लावायला. पोरगी हो म्हणाली. दिवसभर हसत होती, आणि संध्याकाळी मी बघितलं तर त्या मोडक्या पंखाच्या डासाची पेटी घेऊन खिडकीत बसली होती. मला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते.

असं आहे एकूण. बाकी सगळं छान आहे. हवा चांगली आहे, ओली आहे. माझी साडी मी आले तेव्हा धुतली होती ती अजून वाळतेय. पोरीची तब्येत उत्तम, दोन घास जास्त खाते, आणि जाळीच्या नळीने डास ओढून धरते तेव्हा इतकी गोड दिसते की तुम्ही बघायला हव्या होतात. (नळी तोंडात धरून श्वासाने डास आत ओढायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी किंचाळले होते, पण मधे जाळी असते, डास पोटात जात नाही.) तसं पत्राला विशेष काही कारण नव्हतं. खुशाली कळावी, तुमची विचारपूस व्हावी, एवढंच. गुडघ्याला शेक द्या. सगळ्यांना माझा आशीर्वाद, आणि जे माझ्यापेक्षा मोठे आहेत त्यांच्याकडून माझ्यासाठी घ्या.

तुमची,
विहीण

ता. क. पाकिटात अजून जागा आहे म्हणून एक विचारते. व्याह्यांचे पाय हल्ली कसे असतात? राग मानू नका. पण लग्नाच्या वेळी तुमच्याकडची मंडळी मांडवात बूट काढून बसली होती, तेव्हा आमच्या बाजूच्या दोन बायका उठून लांब गेल्या होत्या आणि मी सगळ्यांना सांगितलं होतं की तिकडे ऊन येतं. ऊन येत नव्हतं.

ता. क. दुसरं. हे माझ्या डोक्यातलं नाही, आपल्या नातीच्या डोक्यातलं आहे. ती लहानपणी सुट्टीत तुमच्याकडे यायची तेव्हा संध्याकाळी सगळे ओट्यावर बसायचे आणि डास एकट्या आजोबांच्या पायांवर बसायचे म्हणे. ते वर्तमानपत्र वाचत राहायचे, हलवायचे नाहीत, आणि ही खाली बसून डास मोजायची. तिथूनच तिला हे वेड लागलं. हे ती मला काल सांगत होती आणि सांगता सांगता आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मागायला तिला लाज वाटते. मला वाटत नाही, कारण मोजे मी धुतलेत.

ता. क. तिसरं. तेव्हा तीन जोड पाठवा. सलग आठवडाभर घातलेले. धुवायचे नाहीत, विहीणबाई, हात जोडते, तुमचा हात शिवशिवेल तरी धुवायचे नाहीत. काढले की प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, मग झाकणाच्या डब्यात. डांबराच्या गोळ्या घालू नका. अत्तर तर मुळीच नको. व्याह्यांना काय सांगायचं ते तुम्ही बघा, माझं नाव सांगितलंत तर मी मोजे विणायला मापाला मागवले म्हणा. आणि तुरटीचं वर लिहिलेलं त्यांना वाचून दाखवू नका.

ता. क. शेवटचं. एक लिहायचं राहिलं. नवी जात सापडली की तिला नाव द्यायचा मान नातीचा आहे, आणि आजोबांच्या मोज्याला डास आला तर आजोबांचं नाव देईन असं तिने ठरवलंय. म्हणजे जगातल्या सगळ्या पुस्तकांत तुमच्या घराण्याचं नाव. पण पाऊस सरायच्या आत तुमचे मोजे आले नाहीत तर मी पुन्हा गमबूट घालणार आहे, ह्या वेळी चांगले पंधरा दिवस. माझ्या मोज्याला आला तर त्या डासाला माझं नाव मिळेल, आणि तुमच्या नातीने शोधलेला डास जन्मोजन्मी माझ्या नावाने ओळखला जाईल. बघा. चालत असेल तर खुशाल मोजे धुवायला टाका.